तेलाच्या डब्यातलं अंडं

तेलाच्या रिकाम्या डब्यात पेंढा भरून तात्यांनी कोंबडीला अंडी घालायला जागा केली. तिच्या पायाला लागू नये म्हणून पत्र्याची धारही ठोकून वळवली. पण ती महामाया तिकडे फिरकेना. कुठेतरी कुंपणाबाहेर अंडी घालून यायची. शेवटी बायको वैतागली. "रविवारपर्यंत डब्यात अंडं दिसलं नाही, तर रस्सा करते तिचा!"

रविवारी उजाडताच तात्या दुकानातलं अंडं खिशात घालून हळूच परसात गेले. डब्यात हात घातला, तर आत आधीच अंडं! ते आनंदानं ओरडणार, तोच बोटांना गारवा जाणवला. अंडं फ्रीजमधलं होतं.

मागच्या दारात बायको उभी होती. "घातलं का हो तिनं?"

"घातलं की!"

"मग राहू दे रस्सा," ती म्हणाली. "आणि जरा जपून चाला. खिशातलं फुटेल."