ठिपक्यांचा 'न'

अंकुशला या कामात मजुरी नकोच होती. दिग्विजयची पिकअप चार दिवस आपल्या अंगणात खिळवून ठेवता आली, एवढ्यावरच त्याचं पोट भरणार होतं.

याच दिग्विजयशेठने त्याला आपल्या बोईसरच्या गॅरेजातल्या कामावरून चारचौघांत हाकललं होतं. माकुणसारच्या नरहरीच्या टेम्पोचा डिझेल पंप दुरुस्तीला आला, गॅरेजातूनच गायब झाला आणि आळ आला अंकुशवर. तेव्हापासून सरावलीत 'पंपचोर' म्हटलं की लोक त्याच्या दाराकडे बोट दाखवत.

आणि आज शेठचाच ड्रायव्हर, भावेश, गाडी घेऊन दारात.

"चढावर दम सोडते, भाऊ. शेठ गावाला गेलाय. माझ्यावर खापर फुटायच्या आत पंप काढून साफ कर."

"घरचंच काम समज," अंकुश गोड हसला.

पाइपातलं प्रेशर उतरेपर्यंत त्याने निवांत चहा घेतला. मग एकेक पाइप सोडला, उघड्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधलं, पुलर लावून गिअर मोकळा केला. पंप हातात आला. इंजिनाला चिकटणारी बाजू त्याने फडक्याने पुसली आणि उजेडात धरली.

ठिपक्या-ठिपक्यांचा 'न'.

गॅरेजात असताना पंपांची अदलाबदल नको म्हणून अंकुश प्रत्येकावर मालकाचं पहिलं अक्षर टोकदार लोखंडी पंचने ठोकायचा.

"बुधे, हा नरहरीकाकांचा! चोराच्याच गाडीत!"

"मग परत लाव नि गप बस," बायको म्हणाली.

"गप? आता बोईसरभर वाजवतो!" त्याने लगेच नरहरीला फोन लावून चोर म्हणून दिग्विजयचं नाव सांगितलं.

भावेशचं तोंड उतरलं. बाजूला जाऊन तो शेठशी कुजबुजला आणि परत आला.

"शेठ बोलतो, गाडी आत्ताच ओढून आण."

"आणि पंप?"

"तो अंकुशकडंच राहू दे, बोलला."

"हात लावायलाही टरकला!" अंकुशने मांडीवर थाप मारली. शेजारचा ट्रॅक्टर बोलावून त्याने स्वतः दोरी बांधली. "भर बाजारातून ने रे, सगळ्यांना दिसू दे!"

"गाडी कशाला सोडतोस?" बुधी कुरकुरली.

"सांगाडा घेऊन काय करू? चोरीचा माल माझ्या हातात हाय!"

नरहरी गावातल्या दोघांना घेऊनच आला. अंकुशने दारात पाटावर मांडलेला पंप त्याने उचलून न्याहाळला.

"ही खूण कोनाची?"

"माझीच, काका." अंकुशची छाती फुगली.

"काढलास कुठून?"

"दिग्विजयच्या गाडीतून!"

"गाडी कुठं हाय?"

"ओढून नेली."

"कोनी जाऊ दिली?"

अंकुशने रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. "मीच."

नरहरीने पंप फडक्यात गुंडाळून काखेत मारला आणि सोबतच्यांकडे वळला.

"चला रे. पयली दिग्विजयशेठची माफी मागू. त्या देवमाणसावर आमी उगाच संशय घेतला."