पश्चिमेची खिडकी

खिडकीच्या चौकटीवर फोडलेला नारळ.

किंचित बाक असलेली एक जुनी फळी.

डॉक्टरांचं वाक्य: आता दर्या नाही.

दाराशी मोरूची चप्पल आहे की नाही, हे दिवसातून कितीदा तरी बघणारी शांती.

पाणी मारून ठेवलेल्या विटा.

"ताई, बुजवू ना?" गवंड्याने विचारलं. थापी त्याच्या हातातच होती.

हिनाने हातातला घराचा नकाशा उलगडला. आईबापासाठी बोर्डीत बांधायचं घर तिने या एका खिडकीभोवती आखलं होतं. मुंबईत आर्किटेक्चर शिकताना ठरवलेलं, की आपल्या घरात एसी लागणार नाही. दुपारी समुद्रावरून वारा येईल, पश्चिमेच्या खिडकीतून आत शिरेल, मागच्या भिंतीतल्या उंच झरोक्यांतून तापलेली हवा घेऊन निघून जाईल. उन्हासाठी पडवी खोल ठेवली. भिंती याच जागेतल्या मातीच्या. आणि लाकडासाठी नवं झाड तोडायचं नाही. तसं तिने सुतार धर्मेशभाईंना बजावलं होतं. त्यांचं अर्धं आयुष्य होड्या बांधण्यात गेलेलं. त्यांनी कुठून तरी जुनं सागवान आणलं. खिळ्यांची भोकं बुजवलेलं, माशाच्या तेलाचा वास अजून न गेलेलं.

"धर्मेशभाई, ही वरची फळी सरळ नाही."

"जुनं लाकूड हाय. वाकलं तरी मोडायचं नाय," एवढं म्हणून ते रंधा मारत राहिले.

काल चौकटी बसल्या. हिनाच्या बापाने, मोरूने, नारळ आणला, हळदकुंकू आणलं, दाराची चौकट ओलांडून सरळ आत गेला आणि खिडकीच्या चौकटीला कुंकू लावलं. हिनाचा भाऊ मितेश हसत सुटला.

"पप्पा, नारळ दाराला फोडतात. लक्ष्मी काय खिडकीतून उडी मारून येणार?"

"येईल की. वाऱ्याबरोबर येईल," मोरू म्हणाला आणि नारळ तिथेच फोडला. आजारपणात माणूस जरा विसरभोळा होतो, असं म्हणून सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

शांतीने खाल्लं नाही. तिने हिनाला बाजूला घेतलं.

"ही खिडकी बुजव."

"आई, ही बुजवली तर घराची भट्टी होईल."

"होऊ दे. मी पंख्यानं वारा घालीन." तिने आवाज खाली आणला. "तो वारा अंगाला लागला की तुझे पप्पा उठतात गं. जन्मभर तसेच उठलेत, होडी काढायला. झोपेत सुद्धा त्यांना कळतं, वारा फिरला. त्या वाऱ्याला घराचा रस्ता तू कशाला दाखवतेस?"

 हे खरं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर मोरू एकदा असाच उठून गेला होता. मितेशला तो किनाऱ्यावर सापडला, छातीवर एक हात दाबून दुसऱ्या हाताने होडी ढकलत. त्यानंतर मोरूने स्वतःच होडी झाईच्या बंदराला, धर्मेशभाईंच्या ताब्यात नेऊन ठेवली. शांतीचं समाधान झालं नव्हतं. झाई काय लांब आहे? चालत सुद्धा जाईल हा माणूस.

रात्रभर हिनाने दुसरा मार्ग शोधला. खिडकी उत्तरेला न्यावी, तर शेजाऱ्याची भिंत आड येते. छपरातून वारा घ्यावा, तर तो पुरत नाही. शेवटी तिने स्वतःला समजावलं, घर गरम राहिलं तर राहिलं, बाप राहिला पाहिजे. आणि सकाळीच गवंड्याला निरोप धाडला.

"ताई?"

"बुजवा," हिना म्हणाली.

गवंड्याने घमेलं उचललं आणि तो तिथेच थांबला. खिडकीत मोरू बसला होता. कधी आला, कुणाला कळलं नाही. पाय आत, पाठ चौकटीला टेकलेली.

"पप्पा, उठा. इथे काम आहे."

"कसलं?"

"खिडकी बंद करायचीय." तिला त्याच्याकडे बघवेना. "आईला भीती वाटते."

मोरूने आत पाहिलं. शांती चहाची किटली घेऊन उभी होती. 

"राहू दे बाय," तो हिनाला म्हणाला. "मी कुठं नाय जात."

"असं तुम्ही मागं पण बोललेले," शांती म्हणाली.

 मोरू वरच्या फळीवरून हात फिरवत राहिला, बाक होता तिथपर्यंत आणि परत. घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

दुपार कलली. मोरूला खिडकीतच डोळा लागला. समुद्राकडच्या वाडीतल्या माडांची सळसळ आधी ऐकू आली, मग वारा आत आला. ओला, खारा, नेमका. हिनाने कागदावर काढला होता अगदी त्याच वाटेने तो घरभर फिरला आणि झरोक्यांतून निघून गेला. घर गार झालं. आपलं गणित बरोबर आलं याचा आनंद तिला होईना. ती बापाच्या पायांकडे बघत होती.

शांतीही तिकडेच बघत होती. मग ती दाराशी गेली, मोरूची चप्पल उचलली आणि पदराखाली घेतली.

मोरूने डोळे उघडले. समुद्राकडे पाहिलं. नाकाने वारा ओढला.

"फिरला," तो पुटपुटला.

आणि चौकटीला डोकं टेकून पुन्हा झोपला. तोंड थोडं उघडं, पोरासारखा.

गवंड्याने घमेलं खाली ठेवलं, आवाज न करता.  शांतीने चप्पल जिथे होती तिथेच नेऊन ठेवली.

हिनाने जुनं लाकूड मागितलं त्याच आठवड्यात, घराचा पाया खणायच्या आधी, मोरूने झाईच्या बंदरावर उभं राहून आपली होडी धर्मेशकडून मोडून घेतली होती.