निळ्या काचेचा दिवा

"दोन आणलेत. एक ठेवायचा, एक परत द्यायचा," बंडप्पा म्हणाला आणि सोलापूरहून आणलेले दिवे त्यानं ओसरीवर मांडले. "न्हाणीत कुठला लावायचा ते तुमी दोघी ठरवा."

तुमी दोघी! इरम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंधरा वर्षं ती उमरग्याच्या या घरात नांदत होती. न्हाणीला ना खिडकी ना झरोका. दार लावलं की डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. एवढ्या वर्षांत कुणाला तिच्यासाठी दिवा सुचला नाही. आणि मूल व्हावं म्हणून गेल्या साली करून आणलेली ही जगदेवी तोंडातून शब्द काढते काय, अन् नवरा निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरून, झडती देऊन दिवे आणतो काय! नव्याची नवलाई, दुसरं काय!

"अक्का दोनदा घसरल्या," जगदेवी हळूच म्हणाली. "कपाळाला खोक पडली. म्हणून म्या म्हणलं."

माझं नाव पुढं करून स्वतःची हौस! इरम्मानं मनातल्या मनात बोटं मोडली.

"अंधारात कुणीबी घसरंल," ती ठसक्यात म्हणाली. "तू बी घसरशील."

त्या घराची एक रीत होती. जिच्याकडून काम होईना, तिनं कमरेच्या किल्ल्या काढून पुढच्या बाईच्या हातात द्यायच्या. सासूनं दिल्या, तशा इरम्माला मिळाल्या. धान्याची कोठी, दुधातुपाचं कपाट, सगळं त्या एका जुडग्यात. सवत उंबरा ओलांडून आली त्या दिवशी इरम्मानं एकच गाठ मारली होती. नवरा वाटून घेतला, किल्ल्या मरेस्तोवर सोडायच्या न्हाईत.

म्हणून अलीकडं ती कामाला जास्तच चिकटली होती. तांदळातले खडे बोटांनी टिपायची, तुपातली भेसळ नुसत्या वासावर सांगायची. बाजाराला तेवढं धाकटीला पिटाळायची. थोरलीनं कशाला वणवण करायची?

"मला कंदील बरा वाटतो," जगदेवी म्हणाली. "उजेड मोठा पडंल. हा भिंतीवरचा निळ्या काचेचा दिसाया लई गोड हाय, पर उजेड बेताचाच."

'लई गोड' म्हणताना तिचा आवाज लाडावला, हे इरम्मानं बरोबर हेरलं. अस्सं! म्हणजे बाईसाहेबांचा जीव ह्याच्यात अडकलाय. तिनं दोन्ही दिवे पुढ्यात ओढले. कंदील उचलून बघितला आणि बाजूला सारला. दुसऱ्याच्या काचेवर नख वाजवलं, त्याच्या पितळी पाठीवरून तळवा फिरवला.

"ह्योच," ती म्हणाली. "ही निळी काच माझ्या मनात भरली."

"अगं, ती काय म्हणतीय ते तरी..." बंडप्पा म्हणाला.

"तुमीच म्हणलात न्हवं, ठरवा म्हणून? मग झालं ठरवून. अन् सांगून ठेवते, त्या उजेडात पयली न्हाणार मी. थोरलीचा मान हाय."

"तुमीच न्हावा, अक्का," जगदेवी म्हणाली. "म्या पहाटं लावून ठेवते."

संध्याकाळी जगदेवीनं न्हाणीच्या भिंतीला खिळा ठोकून दिवा टांगला, घासलेट भरलं. इरम्मा ओसरीवर बसून प्रत्येक ठोका ऐकत होती. हिचा काय भरवसा? दिवा लावायच्या निमित्तानं आत जाईल आणि आधी स्वतःच न्हाऊन मोकळी होईल.

दुसऱ्या दिवशी सोमवार. इरम्माला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात बांगड्या वाजत होत्या. म्हणजे धाकटी कवाच उठली होती! ती धडपडत उठली, भिंतीच्या कडेकडेनं न्हाणीपाशी गेली. घासलेटचा वास घमघमत होता. दिवा लावून झाला होता तर. तिनं आत शिरून कडी घातली.

त्या दिवशी ती सावकाश न्हाली. घंगाळातलं पाणी संपवूनच उठली. कपाळाला विभूती लावली, लुगडं नेसली, दार मागं ओढून घेत बाहेर आली.

ओसरीवर बंडप्पा चूळ भरत होता. "काय, पडतोय का उजेड?"

"उजेड? अवो, दिवाळी म्हणा दिवाळी!" इरम्मा मुद्दाम मोठ्यानं बोलली. "निळा निळा उजेड साऱ्या भिंतीवर. पाण्याचा थेंबन् थेंब दिसत हुता. पंधरा वर्षांत आज न्हाल्यावानी वाटलं."

बांगड्यांचा आवाज न्हाणीच्या दाराशी आला. दार करकरलं आणि बांगड्या तिथंच थांबल्या. जळली गं बाई जळली, इरम्मा मनात म्हणाली आणि तिला लई बरं वाटलं.

"खरं का गं?" बंडप्पानं धाकटीला विचारलं.

जगदेवीनं न्हाणीचं दार ओढून घेतलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई उजेड हाय."

बंडप्पा खुशीत आडाकडं गेला. त्याच्या खडावा लांब गेल्या तशा बांगड्या जवळ आल्या. जगदेवीनं इरम्माचा ओला हात धरला, त्यात काहीतरी ठेवलं आणि तिची मूठ मिटवली. आत काड्या खुळखुळल्या.

"काडेपेटी? ही आता मला कशाला?" इरम्मा फणकारली.

जगदेवी तिच्या कानाशी वाकली.

"अक्का, दिवा म्या अजून लावलाच न्हाय."