मेणावरचं नाव

"कूलर बंद कर," पुंडलिकराव म्हणाले. "त्याची घरघर येईन आवाजात."

अंकितने बटण दाबलं. हिंगणघाटची मे महिन्यातली दुपार लगेच खोलीत येऊन बसली. टेबलावर त्याने पुण्याहून आणलेला शंभर वर्षांपूर्वीचा फोनोग्राफ होता. चावीचं यंत्र, पितळी कर्णा आणि त्याखाली मेणाचं तपकिरी नळकांडं. कर्ण्यात तोंड घालून बोलायचं, की खालची सुई फिरत्या मेणात आवाज कोरत जाई. सोमवारी अंकितचं लग्न होतं. आजोबा आणि आजीचे आशीर्वाद तो पाहुण्यांना या यंत्रावर ऐकवणार होता.

पुंडलिकराव आधी बोलले. उभा जन्म अडत बाजारात लिलाव ओरडण्यात गेलेला. पहिल्याच खेपेला आवाज ठळक उमटला. "मी पुंडलिक. माहा मुलगा मुकेश, त्याचा मुलगा अंकित. सोमवारी आमच्या घरात नातसून येऊन राह्यली. तिचं माहेरचं नाव प्रेरणा. आम्ही तिचं नाव आर्या ठेवलं."

अनुसयाबाई पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या. अंकितने नळकांडं उतरवेपर्यंत त्या थांबल्या.

"काऊन? प्रेरणा नावाले काय झालं?"

"अवं, रीत आहे. तुह्यंबी बदललंच होतं ना."

अंकित ब्रशने मेणाचा कीस झटकत होता. त्याने मान वर केली नाही. "प्रेरणा नाही म्हणाली नाही, आजी. आधार कार्डावर जुनंच राहील. नुसतं ताटातल्या तांदळावर लिहायचं."

"मीबी नाई म्हटलं नव्हतं," अनुसयाबाई म्हणाल्या.

ग्लास ठेवताना पन्हं टेबलावर सांडलं. कोणी पुसलं नाही.

"ये, आता तू बस," अंकितने दुसरं नळकांडं चढवलं. "आजोबांच्या नावाचा उखाणा घे. एकदम झकास."

अनुसयाबाईंनी उखाणा घेतला. लावून पाहिला तर नुसती खरखर. अंकितने यंत्राचं पातं लावून मेणाचा वरचा पापुद्रा तासून काढला. नळकांडं पुन्हा कोरं झालं.

"जोरात बोल, आजी. याला हळू बोललेलं ऐकूच जात नाही."

पुंडलिकराव हसले. "जिंदगीभर हिले हळू बोल, हळू बोल म्हणून थकलो मी. ओसरीत गिऱ्हाईक बसलं राहे, अन् हिचा आवाज सैपाकघरातून बाहीर. आता बोल म्हणतो तर निघून नाई राह्यला."

नळकांडं फिरू लागलं. अंकितने हात वर करून खूण केली. अनुसयाबाईंनी दोन्ही हातांनी कर्णा धरला. माघात त्यांच्या माहेरी, रोहण्याला, त्यांचा भाऊ गेला होता. सासरच्यांसमोर तोही अनुसयाच म्हणे, पण फोनवर त्यांच्या जुन्या नावाने हाक मारी. तशी हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"मी वच्छला!" त्या ओरडल्या. "रोहण्याची वच्छला! वच्छला! वच्छला!"

शेजारच्या घरातला मिक्सर थांबला.

अंकितने सुई बदलली, चावी दिली. कर्ण्यातून बारीक, नाकातला आवाज आला. मी वच्छला. रोहण्याची वच्छला.

पुंडलिकरावांनी कपाळाला आठी घातली. "वच्छला? हे कोण?"

अनुसयाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते.

"तांदळावर अंगठीनं अनुसया तुमीच लिवलं ना? कोणाले पुसून लिवलं, थेबी याद नाई?"

पुंडलिकराव अंकितकडे वळले. "असं लग्नात वाजवतात काय? छिलून टाक ते. दुसरं घे."

अंकितचा हात पात्याकडे गेला. अनुसयाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"वाजव."

"आजी, मेण आहे हे. दर वेळी वाजवलं की झिजतं. असं वाजवत बसलो तर आवाजच राहणार नाही त्यात."

"झिजू दे. यायले पाठ होईस्तोवर वाजव. अन् तूबी आयक. सोमवारी तुह्याबी हातात अंगठी राहीन."

अंकितने सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली. मी वच्छला. नाव संपलं की तो आजीकडे बघे, आणि आजी बोटाने खूण करे: पुन्हा. कर्ण्यातली खरखर वाढत चालली. पुंडलिकरावांच्या मानेवरून घाम बंडीत उतरला.

"कूलर तरी लावा आता," ते म्हणाले.

अनुसयाबाई उठल्या. त्यांनी कूलरचा प्लग भिंतीतून उपटला.

"पाठ झाल्यावर."