झाकण लावून घेतलेला फोटो

भिवंडीजवळ पूर्णा गावच्या गोदामात, कापडाच्या ताग्यांशेजारी बसून शैला सकाळपासून दुर्बिणीचा कॅमेरा तपासत होती. डोळे मिटत होते, पण संध्याकाळी तो न्यायला वेधशाळेची गाडी येणार होती.

कॅमेऱ्यातला दोष कळावा म्हणून एक फोटो झाकण लावूनच घ्यायचा. तो काळाकुट्ट यायला हवा. पण मॉनिटरवर हेच गोदाम उमटलं, आणि टेबलावर डोकं टेकलेली ती स्वतः.

तिने झाकण चाचपलं. घट्ट होतं.

"लय दमलाव ताई," मागून रखवालदार काळूराम म्हणाला. "टेका जरा डोकं."

"नको. गाडी येईल."

तिने पुन्हा फोटो घेतला. त्यात काळूराम तिच्या डोक्यावरून कोरं कापड ओढत होता.

शैलाची मान जड झाली. मागे ताग्यातून टर्रकन कापड फाडल्याचा आवाज आला.