चौथा स्क्रू

दिग्विजयने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे चार स्क्रू काढून बशीत ठेवले तेव्हाच अण्णांनी खुर्ची सोडली. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

कॉम्प्युटर जुनाच. त्यात नवं ग्राफिक्स कार्ड घातलं ते नातवासाठी, निमिषसाठी. जुन्या कार्डावर त्याचे गेम रखडायचे आणि सांगलीला आला की दुसऱ्या दिवशीच पोरगा कंटाळायचा. या दिवाळीला चार दिवस तरी टिकेल, म्हणून अण्णांनी कॉम्प्युटरच्या दुकानातून दिग्विजयला बोलावून हे बसवून घेतलं. मग बंगळूरहून मुलाचा फोन आला, रजा नाही. झालं, दिवाळी आली तशी गेली.

दसऱ्याला अण्णांनी कार्ड बाहेर काढून त्याची पूजा केली होती. कोयनेच्या पॉवरहाऊसात तीस वर्षं यंत्रांना हळदकुंकू लावलेला माणूस तो. पण हात थरथरला आणि कुंकू कार्डाच्या खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर सांडलं. कार्ड परत बसवलं तर कॉम्प्युटरचा पडदा काळा. दिग्विजय आला, पोट धरून हसला, खोडरबराने दात घासून दिले आणि श्रीखंड-पुरी खाऊन संध्याकाळपर्यंत गप्पा मारत बसला. किती दिवसांनी घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता!

लक्ष्मीपूजनाला पडदा पुन्हा काळा झाला. त्या वेळी मात्र हात थरथरला नव्हता.

आणि आज तर नुसता रविवार होता.

दिग्विजयने कार्ड उपसून उजेडात धरलं. दातांवर ओलं हळदकुंकू होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी नेटकं.

"अण्णा, आज कसली वो पूजा?"

अण्णांना एक तिथी आठवेना. "अशीच," ते कसंबसं म्हणाले. आता हा उठणार, म्हातारा चळला म्हणणार आणि पुन्हा फोन केला तर दुकानात नाही म्हणून सांगणार.

दिग्विजयने कार्ड एकदा उलटंपालटं करून बघितलं. मग त्याने खिशातून खोडरबर काढलं. एकेक दात सावकाश घासला. न विचारताच डब्यातली चकली घेतली. कार्ड बसवलं, पडदा उजळला. झाकण लावून तो स्क्रू आवळायला लागला. एक, दोन, तीन. चौथा त्याने बशीतून उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"ह्यो आज न्हाई बसवत."

"का? आटे गेले?"

"आटं बरं हाईत. पुढच्या रविवारी येतो बसवायला. जेवायलाच येतो, पिठलं करा." दारात चपला घालता घालता तो थांबला. "आन् अण्णा, तवर कुंकू नगा लावू. दात लय झिजल्यात."

स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत अण्णा दारात उभे होते. आत येऊन त्यांनी स्क्रूच्या मोकळ्या भोकावर एकदा बोट ठेवून बघितलं. मग कॉम्प्युटरशेजारचा कुंकवाचा करंडा उचलला आणि परत देवघरात नेऊन ठेवला.