गरम झालेली लस

"बाई, डबा खाली ठेवा आणि लांब व्हा!" नाक्यावरचा जवान ओरडला.

मी तेव्हा उपकेंद्रात नर्स होते. निळा डबा मुरमावर ठेवत म्हणाले, "दादा, आत बर्फावर गोवराच्या लसी आहेत. पुढच्या गावात साथ आहे."

"दादा ते जंगलातले बंदूकवाले. मला साहेब म्हणा." लांब बांबूनं त्यानं डबा उलटा केला. बर्फ, बाटल्या सगळं उन्हात पसरलं. "मागं असल्याच डब्यानं आमची गाडी उडवली. बॉम्बपथक येऊन तपासेपर्यंत हात लावायचा नाही." बांबू टाकून तो वाळूच्या पोत्यांआड गेला.

पथक आलं, तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. मी तशीच गावात गेले. मोहाच्या झाडाखाली आया बसल्या होत्या. त्यातल्या जैनीनं लेकराचा दंड लगेच पुढं केला.

"लस गरम झाली. आता उपयोग नाही तिचा."

"मग फुंकून दे की, बाई!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ते हसू अजून आठवतं.

पुढच्या आठवड्यात लस थंडगार पोचली. जैनी दारात कोदो पाखडत होती.

"लेकरू आण गं."

"परवा पुरलं," ती म्हणाली. हातातलं सूप चालूच होतं. "शेजारणीच्याला दे. त्याला अजून ताप नाही."

मी शेजारच्या अंगणात गेले. दंड पुसला, सुई टोचली. पोर मोठ्यानं रडलं. कुडापलीकडं सुपाचा आवाज क्षणभर थांबला.